मावशी आत, भाचा बाहेर

खेळण्यांचं डिझाइन करून पोट भरतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या पायांकडे बघतो. चप्पल धड आहे ना, याची खात्री करायला. त्यातही मी मऊ सिलिकॉनची, उलटी करायची खेळणी करतो. म्हणजे एक प्राणी घ्यायचा, त्याच्या बुडातून बोटं आत घालायची, आतलं सगळं बाहेर काढायचं, की दुसराच प्राणी हजर. लग्नाच्या पंगतीत हे वर्णन करू नये. शेजारचे काका पान बदलून बसतात.

सध्या हातात आहे ती मांजर. उलटली की वाघ. यात माझी कल्पकता काडीची नाही. मांजर वाघाची मावशी, हे नातं आपल्या पणज्यांनी केव्हाच जोडून ठेवलं. ते एकाच कातड्यात बसवायचं काम तेवढं माझ्या गळ्यात पडलं.

उलटवून पात्र बदलायची हौस तशी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात कापडी बाहुल्या असत. दोन बाहुल्या कमरेशी जोडलेल्या, पाय एकीलाही नाहीत आणि दोघींत मिळून झगा एक. झगा खाली सोडला की एक दिसायची, वर उलटवला की दुसरी. पुढे त्याच झग्यात लाल टोपीवाली मुलगी, तिची आजी आणि लांडगा असं अख्खं बिऱ्हाड राहायला आलं. १९८६ साली पॉपल्स नावाचे झुपकेदार प्राणी निघाले. ते पाठीवरच्या पिशवीत स्वतःलाच कोंबून घेत आणि चेंडू होत. अलीकडचा टीटर्टल कंपनीचा ऑक्टोपस तर घरोघरी पोचला. एका बाजूनं हसरा, दुसऱ्या बाजूनं चिडका. कोरोनाच्या काळात टिकटॉकवर तो भलताच गाजला. घरात कोंडलेल्या नवराबायकोंना एक शब्दही न बोलता आजचा मूड जाहीर करायची सोय झाली. भांडण तेच, फक्त प्रवक्ता आठ पायांचा.

पण कापडाचं काम सोपं. तिथे दोन थर असतात, प्रत्येकाचा रंग निराळा, चेहरा निराळा. साच्यातून निघणाऱ्या खेळण्याला थर एकच. मांजरीच्या पाठीची आतली बाजू हीच वाघाची पाठ. ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर एका प्रयोगात पाच भूमिका करत, आणि त्यांच्या दिमतीला फिरता रंगमंच होता. माझ्या मांजरीला विंगसुद्धा नाही. रंगपट, कपडेपट आणि पुढचा नट, सगळं तिच्या पोटात. आणि पडदा म्हणजे तिचीच कातडी.

गणितवाल्यांना यातलं काही विचारू नये. स्टीफन स्मेल या अमेरिकन गणितज्ञानं १९५७ साली सिद्ध केलं, की पोकळ गोल कुठेही न फाडता, कुठेही चुणी न पाडता आतबाहेर उलटवता येतो. त्याचे मार्गदर्शक राउल बॉट यांचाही आधी विश्वास बसेना. गोल उलटतो हे सिद्ध झालं, पण उलटताना तो दिसतो कसा, हे पुढची काही वर्षं डोळस माणसांना नीट दिसत नव्हतं. ते ज्यांनी स्पष्ट उलगडून दाखवलं त्यांत बर्नार्ड मोरॅं हे फ्रेंच गणितज्ञ होते, आणि ते लहानपणापासून अंध होते. हे वाचून मला फार धीर आला. मग पुढची अट वाचली: गणितातला गोल स्वतःच्या अंगातून आरपार जाऊ शकतो. माझी मांजर जाऊ शकत नाही. तिला भोक लागतं. ते लहान ठेवलं तर वाघ अर्ध्यात अडकतो. मोठं ठेवलं तर मांजर बसल्या जागी पसरते.

दुसरं दुखणं जाडीचं. रबराचा पत्रा वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. जाडी दुप्पट, तर जोर आठपट. गेंड्याच्या कातडीची माणसं का बदलत नाहीत, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला समाजशास्त्रात मिळालं नव्हतं. बरं, कातडी पातळ करावी, तर मांजर उभी राहत नाही. ती बसते, आणि मग बसतच जाते.

मऊपणा किती, हा तिसरा प्रश्न. त्यासाठी शोअर नावाचं माप आहे. पेन्सिलीचा खोडरबर ‘शोअर ए’च्या पट्टीवर साधारण ४० भरतो. आम्हाला त्याहून कितीतरी मऊ माल लागतो, इतका मऊ, की त्याच्यासाठी ‘शून्य-शून्य’ नावाची वेगळी पट्टी आहे. मी मीटर शोधत होतो तेवढ्यात आईनं नमुना बोटानं दाबला आणि म्हणाली, “पुरणपोळीच्या कणकेइतका सैल कर अजून. मग फाटायचा नाही.” आमचे साचे करणाऱ्या भोसरीच्या मेस्त्रींनी हे वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढे मीटर लावून आकडाही लिहिला, पण कंसात.

खरी गंमत कानांत आहे. मांजरीचे कान टोकदार, उभे. ते भरीव केले तर उलटल्यावर वाघाच्या डोक्यात आतून टोचतात आणि वाघाला टेंगळं येतात. पोकळ केले तर वाघाच्या बाजूनं तिथे दोन खड्डे दिसतात. खड्डे असलेला वाघ कोण घेणार? शेवटी ते खड्डे सरकवत सरकवत वाघाच्या डोळ्यांच्या जागी नेले. आता मावशीचे कान म्हणजेच भाच्याच्या डोळ्यांच्या खोबणी. मावशीनं कान टवकारले की भाच्याचे डोळे खोल जातात. मराठी कुटुंबव्यवस्थेत हे अगदीच अपरिचित नाही. शेपूट मात्र मी बुडाच्या कडेला लावली, म्हणजे कोणीही बाहेर असलं तरी ती बाहेरच राहते. सामायिक भिंत असते तशी सामायिक शेपूट.

वाघाचे पट्टे काढतानाही असंच झालं. सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज जवळपास काहीच चिकटत नाही. साधा रंग दोनदा ताणला की टवके उडतात आणि वाघाला खरूज होते. पट्टे उठावाचे केले तर ते बरगड्यांसारखे ताठ राहतात आणि प्राणी वळत नाही. म्हणून ते खाचांचे केले. खाच जिथे, तिथे कातडी पातळ; त्यामुळे वाघ पट्ट्यापट्ट्यावर छान दुमडतो. खाचेचा तळ तेवढा गोल ठेवावा लागतो, टोकदार राहिला की तिथूनच फाटतं. निसर्गानं वाघाला पट्टे लपण्यासाठी दिले असतील. आमच्याकडे ते बिजागरीचं काम करतात.

यात सिलिकॉनचा स्वभाव वेगळाच. प्लॅटिनमच्या जोरावर घट्ट होणारं जे सिलिकॉन असतं, त्याला गंधकाचं वावडं असतं. मॉडेल घडवायच्या मातीत गंधक असलं, किंवा हातात लॅटेक्सचे मोजे असले, की ते रुसतं आणि घट्टच होत नाही. चिकट ते चिकटच राहतं. आमच्याकडे मांडवात एखादे मामा असतात, नुसतं एक नाव कानावर पडलं तरी जेवायचे थांबणारे. त्या घराण्यातलं हे रसायन.

एवढं सगळं जमल्यावर साच्यातून पहिला नमुना काढायचा दिवस आला. साच्याच्या मधोमध एक गाभा असतो, त्याच्यावर वाघाचा चेहरा कोरलेला. भोवती मांजरीचा साचा. बाहेरचा साचा उघडला की गाभ्यावर मांजर बसलेली दिसते. ती सरळ निघत नाही. बुडाची कड धरून सोलावी लागते, आणि सोलताना ती उलटते. म्हणजे मांजर म्हणून ओतलेलं पोर हातात येतं ते वाघ होऊन. डॉक्टरांचे रबरी हातमोजे कारखान्यात हाताच्या साच्यावरून असेच उलटे सोलून काढतात. गोड्या पाण्यातल्या व्हॉल्व्हॉक्स नावाच्या शेवाळाचा गर्भही आधी आतबाहेर उलटाच तयार होतो आणि मग एका भोकातून स्वतःला सुलटा करतो. मी हे मेस्त्रींना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, “साहेब, सुलटं करायला मजुरी वेगळी पडंल.”

मग घरात वाद पेटला, तो मूळ स्वभावाचा. रबर साच्यात ज्या आकारात घट्ट झालं तो आकार ते विसरत नाही. उलटवलं की ते दुसरा आकार धरून राहतं, पण ताणाखाली. कातडी जाड असेल, किंवा घुमट उथळ असेल, तर फट्‌कन मूळपदावर येतं. पोरं जमिनीवर ठेवून उडवतात त्या रबरी वाट्यांचा सगळा खेळ याच्यावरच चालतो. तेव्हा दोन चेहऱ्यांपैकी एक स्वस्थ असतो आणि दुसऱ्याला तो चेहरा टिकवायला सतत कष्ट पडतात. कोणता कोणाला द्यायचा?

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या शेठजींचं म्हणणं स्पष्ट होतं: वाघ मूळ ठेवा, महाराष्ट्रात वाघ खपतो. त्यांच्या मेहुण्यांनी तर पुढाऱ्यांचे चेहरे घालायची सूचना केली, निवडणुकीच्या हंगामात माल उचलला जाईल म्हणून. मी म्हटलं, या खेळण्याला दोन अटी आहेत. उलटलेल्याला पुन्हा सुलटं होता आलं पाहिजे, आणि आतली बाजू सगळ्यांना दाखवता आली पाहिजे. मेहुणे गप्प बसले.

आईनं भाजी निवडता निवडता निकाल दिला. “अरे, मांजर मूळ ठेव. पोराला राग यायला कष्ट पडू देत की जरा. शांत व्हायला कशाला पडायला हवेत?” हे मानसशास्त्र म्हणून चांगलं आहे, असं मनात म्हणत मी कागदावर आकडे मांडले, आणि भौतिकशास्त्रही तिच्याच पक्षात गेलेलं निघालं. मांजरीचे उभे कान ताणाखाली ताठ राहिले नसते, ते स्वस्थ आकारातच हवेत. आणि वाघ बाहेर आला की त्याची बाजू ताणली जाते, खाचा उघडतात आणि पट्टे अधिक ठसठशीत दिसतात. म्हणजे वाघ जितका तणावात, तितका अधिक वाघ. मांजर झाली की पट्टे मिटतात. शेठजींना मी फक्त पट्ट्यांचा मुद्दा सांगितला. आईचं नाव काढलं असतं तर दर पाडून मागितला असता.

पुढचा अडथळा सरकारी, आणि तो असावाच. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटणारा कोणताही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. मावला, तर तो मुलाच्या घशातही मावेल. वाटीसारखा आकार मुलाच्या नाकातोंडावर घट्ट बसू नये म्हणून त्याला हवेची भोकं ठेवायची असतात. ती ठेवली आणि उलटवताना आत कोंडणारी हवाही सुटू लागली. मांजरीचा कान ठरावीक जोरानं ओढून तुटतो का, हेही बघतात. मांजरीचा कान किती ओढायचा याला देशात मानक आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या कानांसाठी असं काहीही नव्हतं.

शेवटची परीक्षा पाच वर्षांच्या भाचीची. तिनं मांजर हातात घेतली, निम्मी उलटवली आणि तिथेच थांबली. एक कान आत, एक बाहेर, वाघाचा अर्धा जबडा वर आलेला. “पूर्ण कर की,” मी म्हटलं. “नको मामा,” ती म्हणाली, “हे आजोबा आहेत. आत्ताच उठलेत.” इतकी आकडेमोड करून मी दोन पात्रं घडवली होती, तिनं कुठलीही आकडेमोड न करता तिसरं काढलं, आणि खेळत राहिली ती त्याच्याशीच. मी ते आता माहितीपत्रकात घातलं आहे. आजोबांना दाखवलेलं नाही.

तर वाचकहो, असलं उलटसुलट खेळणं दुकानात हातात आलं, तर त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका. बुडाची कड बघा. मूळ आकारात कड निमूट आत वळलेली असते. उलटवलेल्या आकारात ती बाहेर फाकते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे रोज सकाळी लेन्स बोटावर ठेवून हेच तपासतात: कड फाकली, तर लेन्स उलटी. खेळण्याचा चिडका चेहरा वर असताना कड फाकत असेल, तर खुशाल घ्या. राग त्याला पेलत नाही, तो जाईल. पण हसऱ्या चेहऱ्याची कड फाकलेली दिसली, तर ते गुपचूप फळीवर परत ठेवा. ते हसू ओढून आणलेलं आहे.