नव्याचे नऊ पराभव

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने 2022च्या हंगामात नव्या प्रशिक्षकाला सलामीचे नऊ सामने दिले आणि नऊच्या नऊ हरून दाखवले. त्याआधी सराव सामन्यात खालच्या श्रेणीतल्या लेनोर-राइनने धूळ चारून प्रथमग्रासे मक्षिकापात उरकून घेतला होताच. पुढचे तीन पराभव 66-67, 72-73 आणि 60-61. दर वेळी फक्त एका गुणाने! संघात सातत्य नाही, असे म्हणायची कुणाची टाप आहे?

प्रशिक्षक केनी पेन म्हणजे घरचा माणूस. 1986 साली विजेत्या ठरलेल्या लुईव्हिल संघातला खेळाडू. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य, पण आपला तो बाब्या! पहिल्या हंगामात 4 विजय, 28 पराभव. दुसऱ्यात 8 विजय, 24 पराभव. म्हणजे विजय थेट दुप्पट. वार्षिक अहवालात काय शोभून दिसले असते! प्रेक्षकांना मात्र अहवाल वाचायची सवय नसते. 22 हजार आसनांच्या केएफसी यम सेंटरमध्ये त्यांनी खुर्च्या रिकाम्या ठेवून आपले मत नोंदवले.

मार्च 2024मध्ये पेन यांना नारळ मिळाला, सोबत सुमारे 80 लाख डॉलरची बिदागीही. मग बाहेरून आलेल्या पॅट केल्सी यांनी जवळजवळ सगळा संघ नव्याने उभारला आणि पहिल्याच हंगामात 27 सामने जिंकले. जुन्या खेळाडूचा सत्कार जरूर करावा. पण त्यासाठी शाल-श्रीफळ पुरते, संघ हाती द्यावा लागत नाही.