चौकशी समितीसमोर मिरची

कुंडीतलं झाड मेलं की घरात सुतक नसतं, चौकशी समिती बसते. शेतकऱ्याचं पीक गेलं तर त्याच्या मागे कर्ज असतं, घर चालवायचं असतं. गॅलरीत भाजी लावणाऱ्याचं तसं नसतं. त्याची भाजी शेवटी मंडईतूनच येणार असते. त्यामुळे त्याला दुःख करायला वेळच वेळ असतो आणि तो सगळा वेळ आरोपी शोधण्यात जातो. आरोपी सापडला की माणूस शांत झोपतो. झाड गेलं ते गेलंच, पण आपल्यामुळे नाही, एवढं एकदा ठरलं की पुढच्या कुंडीत बी टाकायला हात पुन्हा शिवशिवतात.

आमच्या समितीच्या अध्यक्ष सासूबाई. माहेर जुन्नरकडचं, घरात शेती, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली. नवरा तांत्रिक सल्लागार, कारण तो रात्री उशिरापर्यंत बागकामाचे व्हिडिओ बघतो. मुलीकडे भिंग आहे म्हणून तिला घेतलं. झाडं माझी, म्हणून फिर्यादी मी. नवऱ्याच्या मते मी संशयितही आहे, पण इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे त्याचं हे मत कुठे नोंदलेलं नाही.

सगळ्यात गाजलं ते मिरचीचं प्रकरण. रोप तरारून आलं, फुलं लागली आणि आठवड्याभरात पानं चुरगळून आकसली. अध्यक्षांनी दिवाणावर बसल्या जागेवरून निकाल दिला, ‘बोकड्या आलाय.’ तांत्रिक सल्लागारांचं म्हणणं पडलं की रोगाचं नाव कळलं म्हणजे आरोपी कळला असं होत नाही. पानांच्या कडा वर वळल्या असतील तर फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, आणि पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर औषधच नाही, रोप उपटायचं. मुलीनं भिंग लावलं. काही पानं वर वळलेली, काही खाली, आणि कुंडी जरा हलवली तर पांढऱ्या माश्यांचा धुरळा उठला. तिघांनी संगनमतानं केलेलं काम होतं.

‘दृष्ट लागलीय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘येणारा-जाणारा म्हणतो, काय गं तुझी मिरची!’

दृष्ट काढायला मीठ, मोहरी आणि मिरच्या लागतात. घरात मिरच्या नव्हत्या. तेव्हा मिरचीची दृष्ट काढायला दहा रुपयांच्या मिरच्या विकत आणल्या. दोन-तीन ओवाळून टाकल्या, उरलेल्यांचा ठेचा केला. रोप उपटलं त्या दिवशी भाकरी मात्र दोन घास जास्तच गेली.

यानंतर नवऱ्यानं जीवामृताचा ठराव आणला. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, त्यांचं हे जीवामृत. एका एकराला दोनशे लिटर पाणी, त्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आमच्या गॅलरीला एकराचा नक्की कितवा भाग म्हणायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी दोन लिटरवर तडजोड झाली. म्हणजे शंभर ग्रॅम शेण, वीस ग्रॅम गूळ, वीस ग्रॅम बेसन. सातव्या मजल्यावर बांध नसल्यामुळे माती सोसायटीच्या कुंपणालगतची घेतली. हे सगळं माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं जात असताना सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘गूळ न् बेसनच लागत असेल तर लाडू दे की त्याला.’

मिश्रण दोन दिवस सावलीत ठेवून काठीनं ढवळायचं असतं. दुसऱ्या दिवशी वॉचमन वर आला, ड्रेनेज तुंबलंय का विचारायला. मी सहाव्या मजल्याकडे बोट दाखवलं.

टोमॅटोचं दुःख वेगळ्या प्रतीचं होतं, कारण त्यात बाजारभाव होता. 2023च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून कुठे-कुठे दीडशेच्याही वर गेला. नारायणगावच्या बाजारात कुणाचे किती लाख झाले याच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि सासूबाईंना माहेरचे फोन येऊ लागले. त्याच आठवड्यात मी रोपं आणली. कुंड्या, लाल माती, शेणखत, कोकोपीट, काठ्या, सुतळी, निंबोळी तेल असा सगळा खर्च नवऱ्यानं लिहून ठेवला आणि मला दाखवला नाही. लग्न टिकतं ते अशा समंजसपणावर.

फळं धरली, फुगली आणि रंग चढायच्या बेतात असताना एकेकाचं बूड काळं पडून आत दबायला लागलं. कॅल्शियम कमी पडलं की असं होतं, हे व्हिडिओतून कळलं. नवऱ्यानं शेजारून अंड्याची टरफलं मागून आणली. ऐन गणपतीच्या तोंडावर घरात टरफलं आलेली बघून अध्यक्षांनी सभात्याग केला. मुलीनं शाळेतले खडू आणून मातीत रोवले. मग तिनंच आणखी वाचलं आणि घोटाळा झाला. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं म्हणे. ते पाण्याबरोबर झाडात चढतं आणि पाणी कधी ठणठणीत कोरडं, कधी तुडुंब असं झालं की फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टरफलं तर मातीत विरघळायलाच कितीतरी महिने घेतात.

‘मग आपल्याकडे पाणी कोण घालतं?’ तिनं विचारलं.

सभागृहात शांतता पसरली. नवऱ्याला फोन आला. मला कुकरची शिट्टी ऐकू आली, वास्तविक कुकर लावलेला नव्हता. गणसंख्येअभावी बैठक तहकूब झाली आणि ती फाइल पुन्हा उघडलेली नाही. त्यातूनही जे चार-दोन टोमॅटो धड पिकले, ते पिकेपर्यंत मंडईतला भाव असा कोसळला होता की शेतकरी माल रस्त्यावर ओतत होते. माहेरचे फोनही बंद झाले. त्या दिवसांत सासूबाईंनी आमच्या टोमॅटोबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि आम्हीही विषय काढला नाही.

कोथिंबिरीवर फार बोलण्यासारखं नाही. धणे रगडून पेरले, उगवायच्या आत कबुतरानं त्या कुंडीत दोन अंडी घातली. अंडी उबायला अठरा-एक दिवस, पिल्लं उडायला पुढे महिनाभर. त्या काळात पाणी घालायचं म्हटलं तरी पंखांचे फटके. घरात कोथिंबीर नाही, पण बाळंतीण आहे, अशी अवस्था. (कबुतरांना दाणे घालणाऱ्यांना पुण्य मिळत असेल. त्याचा हप्ता माझ्या कुंडीतून कापला जातो, हे चित्रगुप्तानं नोंदवावं.)

सगळ्यात सोयीचा आरोपी मात्र समोर उभी राहिलेली नवी इमारत. प्रा. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून लोकांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब करायला शिकवलं. आमच्या उन्हाचा हिशोब सोपा आहे. फळभाजीला सहा तास लागतं, समोरच्या बिल्डरनं आम्हाला अडीच तास ठेवलंय. वांगं लागलं नाही? इमारत. भेंडी निबर? इमारत. मुलीचे गणितातले मार्क कमी झाले तेव्हाही मी सवयीनं समोर बघितलं.

दोडक्याची गोष्ट जरा निराळी. वेल जोमानं चढला, फुलं भरपूर आली आणि सगळी गळाली. समिती बसणार तेवढ्यात कळलं की ती नरफुलं होती, ती आधी येतात, घोसानं येतात आणि गळणं हीच त्यांची रीत. (अध्यक्षांनी इथे नवऱ्याकडे का बघितलं, माहीत नाही.) मादीफूल एकटंच येतं, त्याच्या मागे बोटाएवढा इवलासा दोडका असतो. तीही गळायला लागली. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, आणि त्या वेळी इतक्या उंचावर ना माशी फिरकत ना पतंग. मग ते काम माझ्याकडे आलं. दिवेलागणीला नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. समोरच्या इमारतीतली माणसं चहाचे कप घेऊन गॅलरीत यायची ती हेच बघायला, अशी माझी खात्री आहे.

‘आमच्याकडे हे माश्या करतात,’ सासूबाई म्हणाल्या. ‘फुकट.’

दोन फुलं धरली. पण वेलाला आमचा कठडा पसंत नव्हता. त्यानं खालच्या मजल्यावरच्या काकूंची कपड्यांची दोरी गाठली होती आणि फळं धरली ती तिथे. वर ओढावा तर वेल तुटणार. मूळ आमचं, फळ काकूंच्या हद्दीत. बांधावरच्या एका आंब्यावरून माहेरी दोन पिढ्या कोर्टात गेल्या होत्या, असं सांगून सासूबाईंनी घाईघाईनं सामोपचाराचा सल्ला दिला. आम्ही रोज कठड्यावरून वाकून दोडका मोठा होताना बघत होतो. एका सकाळी वाकलो तर देठच दिसला.

दुपारी काकूंचा नातू डबा घेऊन आला. त्यात दोडक्याची भाजी आणि बाजूला शिरांची चटणी.

‘आजीनं सांगितलंय,’ तो पाठ केलेला निरोप म्हणाला, ‘दोडका जरा जून निघाला. दुसरा लटकतोय तो परवापर्यंत काढू. आणि तुमच्याकडून त्या दिवशी कसला तरी वास येत होता, तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्या नावावर लागलाय.’

चटणी उत्तम झाली होती.