चाव्यांचा खजिनदार

प्रत्येक ग्रुपमध्ये एक न पिणारा असतो. 'बसायचं' ठरलं की त्याला आवर्जून बोलावतात आणि बसल्यावर आवर्जून छळतात. "काय रे, औषधं चालू आहेत का?" "वहिनींनी शपथ घातलीय वाटतं!" पहिल्या पेगला हे विनोद संपतात, दुसऱ्याला तेच पुन्हा सुरू होतात. तो मुकाट्यानं लिंबू-सोडा मागवतो आणि चखण्याची बशी आपल्याकडे ओढतो. बिलाची काँट्री मात्र सगळ्यांना सारखी. त्याच्या वाट्याला येतो तो पुण्यातला सर्वांत महागडा मसाला पापड असावा.

31 डिसेंबरला मात्र त्याचा भाव वधारतो. हॉटेलात शिरतानाच तो सगळ्यांच्या चाव्या गोळा करतो, जॅकेटच्या आतल्या खिशात टाकतो आणि चेन ओढतो. नंतर मागून उपयोग नसतो. तीन पेगनंतर माणूस सातबारा नावावर करून देईल, पण बुलेटची चावी देणार नाही.

त्याची खरी झुंज असते ती 'मला चढत नाही'वाल्याशी. हा गडी बारा वाजता फरशीच्या रेघेवरून चालून दाखवतो. रेघ कुठली, ते तोच ठरवतो. "कंट्रोलमध्ये आहे भावा! एक कॉफी मारली की झालं." खजिनदार कॉफी मागवतो, चावी देत नाही. कॉफीनं झोप उडते, दारू उतरत नाही. ती यकृत आपल्या सरकारी वेगानं उतरवतं. तिथं वशिला चालत नाही.

कायदा त्याला तोंडपाठ. गाडी चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं, की पहिल्याच खेपेला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्यायचा एक दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो, तो तू कधी काढला नाहीस," तो समजावतो, "आणि आता 10,000 ची पावती फाडायला निघालास?"

गाडीत कुणाला कुठं बसवायचं, याचंही शास्त्र असतं. मळमळणारा पुढं, काच खाली, हातात कॅरीबॅग. रडणारा मागं मधोमध, म्हणजे सांत्वनाची दोन्हीकडून सोय. 'चढत नाही'वाला त्याच्या शेजारी, कारण पुढं बसवला तर तो गिअर टाकायला लागतो. नाकाबंदीत हवालदार मशीन पुढं करतो, खजिनदार फुंकतो, आकडा शून्य येतो आणि मागून टाळ्या पडतात. एव्हाना सगळ्यांच्या बायकांचे फोन त्यालाच येऊन गेलेले असतात; नवऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, हे त्याही शिकल्यात.

चाव्या परत मिळतात त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्री उशिरापर्यंत घेतलेली सकाळी सातला उतरलेली असेलच असं नाही, हा त्याचा हिशेब.

यंदा त्यानं ग्रुपवर टाकलं, "31 ला गावी चाललोय." चर्चा थेट हॉटेल रद्द करण्यापर्यंत गेली.

"अरे, कॅब करा की," त्यानं सुचवलं.

"त्या रात्री कॅबवाले किती लावतात माहितीय का?" सिंगल माल्टचा आग्रह धरणाऱ्यानंच विचारलं.

खजिनदारानं उत्तर टाकलं, "काँट्रीत धरा. इतकी वर्षं तुमच्या दारूचे मी दिलेच की!"