खोली एक, आडभिंत आवश्यक

खोली म्हणजे इमारतीच्या आतला, आडभिंत घालून वेगळा केलेला भाग. ही व्याख्या कुठल्या बिल्डरची नाही, अमेरिकेच्या आयकर नियमांतली आहे. १९८४ साली तिथे ‘फॉरेन सेल्स कॉर्पोरेशन’ नावाची सोय निघाली. माल अमेरिकेत बनवा किंवा पिकवा, जगाला विका, फक्त विक्री आपल्याच एका परदेशी कंपनीमार्फत झाली असं दाखवा. नफ्याचा काही भाग करमुक्त. या कंपनीला गोदाम नको, कामगार नकोत, विकलेल्या मालाचं दर्शनही नको. ऑफिस मात्र हवंच, आणि त्यात किमान एक खोली. फिरती जागा चालणार नाही असंही बजावलेलं आहे. म्हणजे होडीत बसून जहाजभर मका विकायची चैन नाही.

परदेश कुठला, याचंही उत्तर तयार होतं. बार्बाडोस चालेल. ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स ही अमेरिकेच्याच झेंड्याखालची बेटं, तीही या कामापुरती परदेश. शेजारचं प्युर्टो रिको मात्र स्वदेश! का, ते विचारू नये.

बेटांनी अर्थातच फी लावली. नोंदणीची वेगळी, वर्षाची वेगळी. बेटांना मी नावं ठेवणार नाही. दारात आलेली लक्ष्मी कोण परत पाठवतो? पण हा परवाना नक्की कशाचा? विक्रीचा म्हणावा, तर बेटावर विक्री नाही. खोलीचा म्हणावा, तर खोली बहुधा दुसऱ्याच कुणाची, कारण कंत्राटावर दुसऱ्याने चालवलेलं ऑफिसही नियमाला मान्य होतं. आता त्या खोलीतली वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. संचालक मंडळात एक तरी माणूस अमेरिकेबाहेरचा रहिवासी हवा, म्हणून बेटावरचे एक सद्गृहस्थ संचालक. सभा अमेरिकेबाहेर भरली पाहिजे, ती भरली आहे. हिशेबाच्या वह्या ऑफिसात हव्यात, त्या कपाटात आहेत. सद्गृहस्थ मागल्या सभेचं इतिवृत्त कायम करतात, चहाचा घोट घेतात, सभा संपल्याचं जाहीर करतात आणि त्याच खुर्चीत, त्याच कपातला उरलेला चहा पीत, पुढल्या कंपनीची सभा सुरू करतात. दुपारपर्यंत अर्ध्या जगाला माल विकून होतो. जेवणानंतर उरलेलं अर्धं. प्रत्येक कंपनीची फी वेगळी, कपाटातला कप्पा वेगळा, आडभिंत सामाईक.

हसून झालं असेल तर जरा इकडे बघा. आमच्या नाक्यावरच्या वाण्याकडे खरा तांदूळ आहे, खरी तूरडाळ आहे आणि दोन्हींत खरे खडे आहेत. त्याला गुमास्ता लागतो, खाद्यपदार्थांचा परवाना लागतो, वजनकाट्यावर शिक्का लागतो, पाटी मराठीत लागते. त्याचं दुकान आहे हे सिद्ध करायला तो फी भरतो आणि विकलेल्या मालाचा कर वर भरतो. तिकडे विक्रीच होत नाही हे सगळ्यांना माहीत असताना ती होते असं म्हणायची फी! एवढी सवलत द्यायचीच होती तर सरळ हातावर ठेवायची होती. ती चाळणीतून द्यायची, आणि चाळणीला चिकटेल ते वकील, हिशेबनीस, सद्गृहस्थ आणि बेट यांनी वाटून घ्यायचं, याला म्हणे धोरण.

कारण होतं. याआधीच्या, १९७१ सालच्या योजनेवर निर्यात-अनुदान म्हणून आक्षेप आले होते, तेव्हा व्यवहार खरोखर परदेशात घडतो असं दाखवायला ही भिंत उभी केली. युरोपने १९९७ साली तक्रार केली, २००० साली अंतिम निकाल अमेरिकेच्या विरुद्ध लागला. नव्या कंपन्यांना ३० सप्टेंबर २००० नंतर दार बंद. त्याच वर्षी नवा कायदा आला. त्यात सवलत जवळपास तशीच राहिली, परदेशी कंपनीची अट तेवढी काढली. म्हणजे पंधराएक वर्षं जी खोली नसती तर आभाळ कोसळलं असतं, ती नसली तरी चालत होतं! युरोपला तेही पटलं नाही. २००२ साली वर्षाला चार अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या प्रतिशुल्काची मुभा त्याने मिळवली आणि २००४ साली नवा कायदाही रद्द करायला लावला. बेटांची फी तर आधीच आटली होती. तिच्या भरपाईसाठी कुणी खटला लढल्याचं ऐकिवात नाही.