डिग्रीकाका

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात निवृत्त इंजिनियर दोन प्रकारचे सापडतात. एक, जे निवृत्तीनंतर गाणं शिकायला घेतात. त्यांच्यापासून मंडळाला धोका असतो, पण तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या कार्यक्रमात. दुसरे, जे मोजतात. हे बारमाही असतात. पुण्याच्या नाहीतर सांगलीच्या कॉलेजातली पदवी, सत्तरच्या दशकात एक सूटकेस घेऊन इकडे, आणि मग तीस-पस्तीस वर्षं कुठल्यातरी कंपनीत पंप, व्हॉल्व्ह, टर्बाइन. सारी हयात यंत्रांवर लक्ष ठेवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर लक्ष ठेवायला उरतं ते घर, आणि घरातली माणसं तर ठेवू देत नाहीत. मग मोटारहोम येतं.

मोटारहोम हे निसर्ग बघायचं वाहन आहे, असा गैरसमज ते विकणाऱ्यांनी पसरवला आहे. या दुसऱ्या प्रकारातल्या डिग्रीकाकांच्या लेखी ते इंजिन, ब्रेक, गॅसवर चालणारा फ्रीज, फर्नेस, पाण्याचा पंप, बॅटऱ्या, जनरेटर आणि संडासाची टाकी असा अख्खा कारखाना आहे, आणि तोही हलता. यलोस्टोन वगैरे वाटेत लागतं.

डिग्रीकाका हे नाव मंडळातल्या पोरांनी ठेवलं. काकांना ते आपल्या पदवीवरून पडलं असं वाटतं आणि त्यांचा हा समज आजवर कुणी मोडलेला नाही. त्यांच्या पट्ट्याला उजव्या बाजूला एक कापडी म्यान असतं आणि त्यात पिवळं-काळं पिस्तूल. ट्रिगर दाबला की लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेवर तापमानाचा आकडा उमटतो. ‘गरम आहे’ हे वाक्य काकांच्या दृष्टीने माहिती नव्हे, अफवा.

या वेडाचा उगम पुण्यातला आहे. 2020 साली काका भावाकडे गेले आणि करोनामुळे तिथेच अडकले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने त्यांच्या मनगटावर ताप मोजायचं ते पांढरं यंत्र रोखलं आणि “ब्याण्णव. जावा आत,” म्हणाला. आता ज्याच्या शरीराचं तापमान खरोखर 92 फॅरनहाइट आहे, त्याला गेटवर नव्हे, दवाखान्यात असायला हवं. अख्खी सोसायटी त्या आकड्यावर खुशाल आत-बाहेर करत होती. काका तेवढे थांबले. त्यांनी वॉचमनला समजावलं की बाबा, हे यंत्र कातडीचं तापमान घेतं, त्यावरून शरीराच्या आतलं तापमान हिशेबाने काढतं, आणि तो हिशेब कपाळासाठी बसवलेला असतो. मनगट चालणार नाही. शिवाय माणूस उन्हातून आला असेल तर... वॉचमन म्हणाला, “साहेब, मागं लाइन थांबलीय.”

अमेरिकेत परत आल्यावर अशाच यंत्राच्या खरेदीची तयारी सुरू झाली. वस्तू तीसेक डॉलरची. काकांनी तिच्यासाठी एक्सेलचं पान उघडलं. पहिला शोध असा लागला की ताप मोजायची बंदूक वेगळी आणि वस्तू मोजायची वेगळी. पहिलीची धाव माणूस जगू शकतो तेवढीच, ब्रेकवर रोखली तर ती आकडा सोडून ‘हाय’ दाखवते. दुसरी उणे 50 पासून 500 सेल्सिअसच्या पुढेही जाते, पण कपाळावर धरली तर तापाने फणफणलेलं पोरही शाळेत पाठवण्याइतकं थंड निघतं. सबब दोन बंदुका. काकू म्हणाल्या, “अहो, मग पोळपाटही दोन घेऊ या का, एक घरात आणि एक गाडीत?” काकांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला आणि दुसऱ्या दिवशी दोन आणले.

मग अंतराचं गुणोत्तर. इथे काका रमतात आणि ऐकणारा फसतो. 12 ला 1 असं लिहिलं असेल तर 12 इंचांवरून 1 इंचाचा गोल मोजला जातो, 12 फुटांवरून 1 फुटाचा. तो लाल ठिपका काही मोजत नाही, तो नुसतं बोट दाखवतो. अंगणात उभं राहून शेजाऱ्याच्या चिमणीवर ठिपका मारणाऱ्याला चिमणी, छप्पर आणि थोडं आकाश यांची सरासरी मिळते. त्यातून आकाश हे प्रकरण फार थंड. कोरड्या निरभ्र रात्री बंदूक सरळ वर धरली तर शून्याच्या पुष्कळ खालचा आकडा येतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात सगळे तारे बघत असताना काकांनी ते मोजलं आणि “पांघरुणं काढा” असा हुकूम सोडला.

एक्सेलमध्ये एक रकाना फक्त फॅरनहाइट-सेल्सिअसच्या बटणासाठी होता. ते अंगठ्याखाली हवं, मेन्यूत खोल नको. कारण काकांना ताप फॅरनहाइटमध्ये येतो, उन्हाळा सेल्सिअसमध्ये, आणि ओव्हन पुन्हा फॅरनहाइटमध्ये तापतो. इतकी वर्षं इकडे काढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

या देशात वस्तू परत करता येते, हा काकांच्या मते अमेरिकी राज्यघटनेचाच भाग आहे. त्यांनी वस्तू मोजायच्या चार बंदुका मागवल्या. स्वयंपाकघरात पातेलंभर बर्फाचा चुरा करून, त्यात पाणी घालून, ढवळत ढवळत चारही त्यावर रोखल्या. असं पाणी 32 फॅरनहाइटला असतं, त्यात मतभेदाला जागा नाही. बंदुकांनी मात्र 31.6, 32.9, 33.4 आणि 35.0 अशी चार मतं दिली. डबीवर बारीक अक्षरांत ‘अधिक-उणे साडेतीन डिग्री’ छापलेलं असताना दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा दाखवायची छाती कशी होते, हा माझा प्रश्न. काकांचा प्रश्न वेगळा होता. त्यांनी प्रयोग दिवसभर करून पाहिला. पहिल्या तिघी दर वेळी मत बदलत होत्या. चौथी प्रत्येक वेळी बरोबर 3 डिग्री चुकत होती. काकांनी चौथी ठेवली. “चूक एकदा ठरलेली असली की ती चूक राहत नाही, करेक्शन होते,” हे त्यांचं म्हणणं. कार्यकारिणीतल्या काही सभासदांकडेही ते याच दृष्टीने बघतात.

पण खरा घोळ गाडीपाशी झाला. शंभर मैल चालून आलेल्या मोटारहोमची चाकं मोजली तर चकचकीत ॲल्युमिनियमच्या रिम बर्फाळ प्रदेशातून आल्याइतक्या थंड. हात लावला तर चटका. प्रत्येक पदार्थ आपली उष्णता इन्फ्रारेड किरणांच्या रूपात बाहेर टाकतो, पण सगळे सारख्या उदारपणे नाही. रबर, रंग, लाकूड, पाणी, माणसाची कातडी हे शंभरातले पंचाण्णव टाकून मोकळे होतात. घासूनपुसून लख्ख केलेला धातू मात्र दहासुद्धा सोडत नाही, वर समोरच्याचेच किरण परत फेकतो. स्वस्त बंदुकीला हे कळत नाही. ती सगळ्यांना पंचाण्णववालेच समजून चालते. यावर इलाज सोपा आहे: ज्या जागी मोजायचं तिथे काळी चिकटपट्टी लावायची नाहीतर चमक नसलेल्या काळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. काकांनी प्रत्येक चाकाला एकेक काळा ठिपका दिला. काकूंनी तो बघितला आणि बाळाला तीट लावल्यासारखा एक ठिपका पुढच्या बंपरच्या कोपऱ्यातही देऊन टाकला. त्याचं तापमान घ्यायचं नाही असं बजावलेलं आहे.

या ठिपक्यांनी एकदा काकांचं सोनं केलं. कोलोरॅडोत इंटरस्टेट 70 वर आयझेनहॉवर बोगदा आहे, 11,000 फुटांच्या वर. त्याच्या पश्चिम तोंडातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नकडे 7 टक्क्यांचा लांबलचक उतार लागतो. ब्रेक गेलेले ट्रक थांबवण्यासाठी तिथे रस्त्यालगत खडीचे चढ बांधून ठेवले आहेत, त्यावरून उताराची कल्पना यावी. काका खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला विश्रांती देत देत उतरले आणि खाली येताच गाडी बाजूला घेऊन बंदूक उपसली. पुढचं उजवं चाक 190. पुढचं डावं 340. काकांचं म्हणणं, एकट्या आकड्याला विचारू नये, त्याच्या जोडीदाराला विचारावं. 340 हे जास्त की कमी हे देव जाणे, पण एकाच उतारावरून उतरलेल्या दोन चाकांत दीडशेचा फरक म्हणजे डाव्याचा ब्रेक सुटत नाही. गॅरेजमध्ये चाक काढलं, कॅलिपर अडकलेला निघाला. तीन दिवस गावात मुक्काम पडला, शेकडो डॉलर गेले, आणि काका इतके आनंदात होते की मेकॅनिकला त्यांनी चिवडा दिला. मुलाच्या लग्नात काका एवढे हसल्याचा पुरावा अल्बममध्ये नाही, असं काकू सांगतात.

कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी काका गस्तीला निघतात. तिथे वीज घेण्यासाठी प्रत्येक जागेला खांब असतो आणि त्यात 30 अँपिअरचा जाडजूड प्लग. एसी जोरात चालू असला आणि प्लगचा जोड सैल असला की तो आतल्या आत भाजत जातो. ओळीतल्या सगळ्या खांबांवरचे प्लग नव्वदच्या आसपास आणि एकच 150 दाखवत असला की काका त्या गाडीचं दार ठोठावतात. पट्ट्याला पिस्तूल लावलेला अनोळखी माणूस अंधारात दार ठोठावतो ही गोष्ट अमेरिकेत जरा जपून करायची असते, म्हणून काकू दोन पावलं पुढे उभ्या राहतात, हातात लाडवांचा डबा घेऊन.

एरवी काका अबोल. ‘हाऊ आर यू’ला ‘गुड’ म्हटलं की त्यांचं संभाषण आटोपतं. पण “तुमचा मागचा डावा टायर उजव्यापेक्षा 9 डिग्री जास्त आहे, दुपारभर ऊन कुठल्या बाजूला होतं?” अशी सुरुवात झाली की पाऊण तास निश्चित. समोरचाही बहुधा निवृत्त, त्याचीही मुलं दुसऱ्या राज्यात, आणि त्यालाही टायरबद्दल आजवर कुणी विचारलेलं नसतं. मग खुर्च्या मांडल्या जातात. इन्फ्रारेड किरण शोधून काढणाऱ्या हर्शेलची गोष्ट निघते: 1800 साली त्याने प्रिझममधून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही तिथे, पारा सगळ्यात वर गेला. “आणि मूळचा हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस!” असं काका म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख मंडळातल्या गाणाऱ्या इंजिनियरांकडे असतो, पण ऐकणाऱ्याला ते कळायचं कारण नाही.

डॅलसला मुलाकडे गेल्यावरही चालू. ‘कसा आहेस’ असं काका मुलाला विचारत नाहीत. बॅग ठेवून खोल्यांची छतं मोजतात. बैठकीच्या खोलीचं 76, पाहुण्यांच्या खोलीचं 77, आणि जिथे मुलगा दिवसभर बसून काम करतो तिथलं 91. पोटमाळ्यावर एसीचा एक डक्ट निसटून पडला होता. दोन उन्हाळे मुलगा त्या खोलीत पंखा लावून घाम पुसत होता आणि फोनवर ‘ऑल ओके’ सांगत होता. बापलेक वर चढले ते तीन तासांनी खाली आले. वर काय बोलणं झालं ते कळलं नाही. जेवताना मुलाने आपण होऊन विचारलं, बाबा, आता परत कधी येताय? सुनेने विचारलं नाही, कारण तोवर फ्रीज मोजून झाला होता.

मंडळाच्या गणेशोत्सवात मात्र काकांना आवरणं कठीण असतं. गरम पदार्थ 135 फॅरनहाइटच्या खाली ठेवायचे नाहीत, हा इथल्या खाद्यसुरक्षेचा दंडक काकांना तोंडपाठ. या वर्षी त्यांनी मसालेभाताच्या ट्रेवर, म्हणजे ट्रेवर ताणलेल्या चांदीसारख्या फॉइलवर, बंदूक रोखली आणि “84!” असं गरजले. चाकांच्या वेळी शिकलेलं सगळं भुकेच्या वेळी विसरलं होतं. केटरर चिडला, त्याने फॉइल टराटरा फाडली, आतून वाफेचा लोट निघाला आणि काकांचा चष्मा पांढरा झाला. लोक हसले. अब्रू राखायची म्हणून काकांनी बंदूक शेजारच्या बटाटेवड्यांकडे वळवली. वड्याला चमक नाही, अंतर सहा इंच, वर दहा मिनिटं पंख्याखाली ठेवलेला. आकडा आला 118. “तोंडात टाकण्याइतका निवलाय,” काकांनी जाहीर केलं, आणि सगळ्यात वरचा वडा भाषणाला निघालेल्या अध्यक्षांच्या हातात दिला.

बंदूक वरचं कवच मोजते. आतला बटाटा तिला दिसत नाही. अध्यक्षांनी अख्खा वडा तोंडात टाकला, आणि टाकल्यावर तो बाहेर काढायची सोय नव्हती, समोर दोनशे माणसं आणि गणपती होता. दरवर्षी ते मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात करून पाऊण तास बोलतात. या वर्षी त्यांनी जिभेखाली बर्फाचा खडा धरून “गणपती बाप्पा” एवढं म्हटलं, “मोरया” लोकांनी म्हटलं, आणि पानं वाढायला घेतली. पुढच्या वर्षी भाषणाआधीच वडे द्यायचे आणि त्यांच्या तपासणीचं काम काकांकडे ठेवायचं, असं कार्यकारिणीने अध्यक्षांच्या गैरहजेरीत एकमताने ठरवलं आहे.