सत्तर पानांचा पुडा

‘कोडिंग येत नाही? काळजी सोडा. दोन तासांत ॲप!’ अशा जाहिराती आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांच्या मोबाइलवरही येऊन आदळतात. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही.

खरं ते आधी मान्य करू. काय हवं ते साध्या भाषेत बोलायचं, कोड यंत्राने लिहायचा. आंद्रेई कार्पथी या नावाजलेल्या संगणकतज्ज्ञाने फेब्रुवारी 2025 मध्ये या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिलं. लव्हेबल, रेप्लिट, बोल्ट ही साधनं हेच काम करतात. इंग्रजीची अट नाही, मराठीत सांगितलं तरी भागतं. इंजिनिअरिंगची फी न भरलेल्या पोरीला ॲप बनवता येतं, ही मोठी गोष्ट आहे. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत.

पण बनवायचं काय?

तेंदूचा हंगाम घ्या. पेसा आणि वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मे महिन्यात बाया पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेतात. पुडा 70 पानांचा. भाव शेकड्याचा. हजार पुड्यांची एक गोणी. ओळीने मांडलेले पुडे मुन्शी मोजतो आणि कार्डावर आकडा टाकतो. त्या आकड्यावर घराचा पावसाळा निघतो.

आता यंत्राला एवढंच सांगा, ‘तेंदू खरेदीचं ॲप बनव.’ ते किलोचा रकाना काढून मोकळं होण्याचीच शक्यता जास्त. तेंदू किलोवर कोण मोजतं? फळीवर उभ्या राहिलेल्या बाईला हे विचारावं लागत नाही. फाटक्या पानांचा पुडा बाजूला कधी पडतो, कार्ड नवऱ्याच्या नावावर आणि पानं तोडली बायकोने तर पैसे कोणाच्या हातात जातात, ठेकेदाराकडे रक्कम थकली की कोणाच्या दारात जायचं, हे तिला तोंडपाठ आहे. कोड यंत्र लिहील. हे कोण लिहिणार?

तीच. नाहीतर तिची शिकलेली लेक.

मुंबई-पुण्याहून आलेली ॲपं आजवर का आपटली, याचं उत्तर यातच आहे. बनवणाऱ्याला कोड येत होता, काम येत नव्हतं. आता कोड फुकटात जमा होतो आहे. मग काम जाणणाऱ्याला पुढे बसवायला काय हरकत आहे?

आणि हे स्वप्न नाही. गडचिरोलीत हे एकदा होऊन गेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता, बाळाला न्यूमोनिया झाला हे खेड्यातल्या दाईने कसं ओळखायचं? दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? त्यांनी श्वासमापक केला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं!

बॅटरी नाही. रेंज नाही. ओटीपी नाही.

ओटीपीचं नाव काढलंच आहे, तर बोलून टाकू. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत रेंज धरायला टेकडी चढावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ताच तुटतो. घरात फोन एकच, तोही पोराच्या खिशात. आणि ॲप उघडताच पहिला प्रश्न काय? ‘तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.’ कोणाच्या मोबाइलवर? यंत्राला बजावून सांगावं लागतं: रेंज नसताना नोंद फोनमध्येच ठेव, रेंज आली की पुढे पाठव, एका फोनवर दहा बायांची खाती चालू दे. हे सांगितलं तर यंत्र करतं. न सांगता करत नाही.

चंद्रपुरात मात्र ज्याला त्याला वाघाचं ॲप बनवायचं आहे. भावना समजते. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते वाचून ज्याच्या पोटात तुटलं नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण पहाटे पानं तोडणाऱ्या बाईच्या हातात त्या वेळी फोन असतो का? ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठला जंगलाच्या कडेवर एआय कॅमेरे बसवले. ते वाघ-बिबट ओळखतात आणि इशारा देतात. तिथे पहारा कॅमेरा देतो, बाईने फोन काढून बघायची गरज नाही.

आणि वाघ कुठे आहे हे उघड्या नकाशावर टाकणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. नकाशा शिकाऱ्यालाही वाचता येतो. जानेवारी 2025 मध्ये राजुऱ्यात शिकारी टोळी पकडली गेली, ती उगाच आली नव्हती.

भाषेचं काय? केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं. संताली, भिली, मुंडारीबरोबर त्यात गोंडीही आहे. चांगलं पाऊल. पण मुलखागणिक गोंडी बदलते आणि माडिया बोलीचा बाज आणखी निराळा. ॲपला आपल्या गावची बोली येईल तोवर सोपा उपाय आहे. गावातल्याच मुलीच्या आवाजात लागतील तेवढी वाक्यं रेकॉर्ड करा आणि बटणामागे बसवा. आपल्या गावचा आवाज आजीला लगेच ओळखू येतो.

आता जाहिरातीत नसलेलं अर्धं. 2025 मध्ये लव्हेबलवर बनलेली 1,645 ॲपं तपासली गेली. त्यातल्या 170 ॲपांत लोकांची खासगी माहिती कोणालाही काढून घेता येत होती. त्याच वर्षी जुलैत रेप्लिटच्या एआयने ‘काही बदलू नकोस’ असं बजावलेलं असतानाही एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. फळीचा हिशोब असा हंगामाच्या मध्यावर पुसला गेला, तर बाया कोणाला विचारणार? यंत्राला? म्हणून कागदाचं कार्ड फाडायचं नाही. पहिला हंगाम दोन्ही चालवायचं आणि रोज संध्याकाळी ताळा करायचा.

आणि फळीची ही माहिती राहणार कोणाकडे? ॲप बनवणाऱ्याच्या खात्यात, ठेकेदाराकडे, की ग्रामसभेकडे? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्यांचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. हक्क गावाचा, पुस्तक खात्याचं! ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले, तेव्हा ते मिळालं.

डेटाबेसचा पासवर्ड हे आजचं परवाना पुस्तक आहे. तो ग्रामसभेच्या ठरावाने दोन माणसांकडे राहिला पाहिजे, त्यात एक बाई. पोराने हौसेने ॲप बनवलं, नोकरी लागली, पोरगा नागपूरला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, असं होता कामा नये.

गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. तिथल्या पोरांना प्रकल्प म्हणून हे द्या. हॉटेलच्या ऑर्डरचं ॲप बनवण्यात सत्र घालवण्यापेक्षा एका ग्रामसभेची एक फळी घ्या, मुन्शीशेजारी बसा, मग यंत्राशी बोला. गूगल प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याने ॲप टाकायचं, तर 25 डॉलर एकदाच भरावे लागतात आणि 12 माणसांना सलग 14 दिवस त्याच्या चाचणीत राहावं लागतं. गावात 12 माणसं सहज मिळतील. फक्त मे महिन्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. चाचणी एप्रिलच्या आतच उरकायला हवी.