एका पिक्सेलची सत्तावीस घरं

'मॅक्स' या सॉफ्टवेअरमध्ये 'जिटर' या त्याच्या व्हिडिओच्या भागाची कामं करणाऱ्या कलावंतांचा आत्मविश्वास वाखाणण्याजोगा असतो. कॅमेरा फुल एचडी, प्रोजेक्टरही तसलाच, मध्ये वायरींनी जोडलेल्या चौकटी. चित्र मात्र गिचमिड. मग लेन्स पुसली जाते, केबल बदलली जाते, प्रोजेक्टरवाल्याचा उद्धार होतो. कॅमेऱ्याचं चित्र उचलणारी 'जिट.ग्रॅब' नावाची चौकट बिचारी गप्प. तिला कुणी माप सांगितलं नाही, तर ती ३२० बाय २४० चंच चित्र पुढे ढकलते. म्हणजे ७६,८०० पिक्सेल. आणि पडद्यावर जागा २०,७३,६००. एकेकाने सत्तावीस घरं अडवायची! 'डिम १९२० १०८०' एवढं लिहिलं की भागतं, पण त्यासाठी हेल्प उघडणं कलेच्या इभ्रतीला शोभत नाही.

कुणी लिहिलंच, तर चित्र अडखळू लागतं. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर कॉम्प्रेस न केलेल्या फुल एचडीला जवळपास एक गिगाबिट वेग लागतो. कॅमेरा जोडलेल्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, तोही कागदावर. (कागदावर म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) तरी बिघडत काहीच नाही. प्रदर्शनाच्या फलकावर 'खंडित काळावरचं भाष्य' असं छापून घेतात आणि रसिक माना डोलावतात.